तोंड धुवून ये

मी लातूरला दाताच्या दवाखान्यात काम करते. पेशंटला हाक मारायची, खुर्ची पुसायची, ट्रे मांडायचा, डॉक्टरीणबाई मागतील ते हातात द्यायचं. दाढ दुखणारा माणूस गाल धरून येतो आणि आल्या आल्या बोलायला लागतो. तोंडाला वास येणारा मात्र बोलत नाही. तो तोंडापुढं तळहात धरून बसतो. आत बोलावलं तरी म्हणतो, हिरडीतून जरा रक्त येतं, दात जरा पिवळे झालेत. सोबत बायको असली तर ती सांगते, तेही भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत. माझं डोकं फिरतं. अरे बाबा, मूळव्याध सांगता, गजकर्ण सांगता, आणि एवढं सांगायला काय जीभ झडते? मग माझं मला आठवतं आणि मी गप गुमान ट्रे मांडायला लागते.

माझ्या तोंडाला वास यायचा. सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच येतो तसला नव्हे. दिवसभर, बारा महिने, खाल्लं तरी आणि उपाशी राहिलं तरी. कसा यायचा ते मला विचारू नका, मला तो कधी आलाच नाही. मला तो समोरच्याच्या तोंडावर दिसायचा. आधी नाक आकसायचं, मग मान जरा वळायची, मग पाय मागं सरकायचा. बोलता बोलता माणूस मागं सरकला की मी समजायची, पोचला.

भूकंप झाला तेव्हा मला शाळेत घालायचं चाललं होतं. आमचं गाव किल्लारीच्या अंगाचं. घर माळवदाचं, म्हणजे दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि तुळयांवर पांढऱ्या मातीचे थरावर थर. उन्हाळ्यात आत गारेगार. दरवर्षी पावसाळ्याआधी वर आणखी माती टाकायची म्हणजे गळत नाही. अशी पिढ्यान्‌पिढ्या टाकलेली माती त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आली. माझा बाप गेला. माझ्या पाठचा भाऊ गेला. मायच्या डोक्यात तुळई बसली, पण ती वाचली, आणि तिनं हातांनी उकरून मला बाहेर काढलं. यातलं मला काही म्हणता काही आठवत नाही, हे सगळं लोकांनी सांगितलेलं. मला आठवते ती तोंडातली मातीची चव. नंतर कुणीकुणी गाड्या भरभरून बिस्किटं आणली, तीसुद्धा मला मातीसारखीच लागायची.

मग आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. शेजारच्या बाया माझ्यादेखत त्या दिवसांबद्दल बोलायच्या. पाऊस लागून राहिला होता, माणसं आणि जनावरं मातीखाली होती, आणि वासानं गावात पाय ठेववत नव्हता. "तुझी माय लई धीराची बाई," त्या मला सांगायच्या, "आम्ही पदर नाकाला लावून उलट्या करायलो, अन् ती उघड्या तोंडानं सगळीकडं फिरायली." ऐकून मला अभिमान वाटायचा. तीच माय शेडमध्ये तव्यापुढं बसून भाकर जाळायची. भाकरीचा कोळसा व्हायचा, शेजारीण तिकडून ओरडत यायची, "अगं, जळायली की!" आणि माय दचकून उलथणं उचलायची. दूध तर रोज करपायचं. दुःखानं भान राहिलं नाही, असं सगळे म्हणायचे.

माझा वास शेडमध्येच सुरू झाला. नाक सारखं वाहायचं, एकाच बाजूनं, उजव्या. पोराचं नाक वाहणारच, त्याकडं कोण बघतं? बायांचं लक्ष गेलं ते वासाकडं. एक म्हातारी मला जवळ ओढून हुंगायला लागली आणि एकदम लांब झाली. "हा तर तवाचा वास हाय," ती म्हणाली. "पोरगी मेलेल्यांत पडून होती. त्यांचा वास आत शिरलाय." झालं! सगळ्या शेडला ते पटलं. वास तर सगळ्यांनी घेतलेला होता, त्यामुळं कुणी नाही म्हणायलाच तयार नव्हतं. माझ्यावरून लिंबू उतरवलं. गुरुवारी दर्ग्यात नेलं, उदाचा धूर अंगावर घेतला. एकीनं तर तुळशीची पानं घालून उकळलेलं पाणी मला पाजलं आणि म्हणाली, आता या मेलेल्यांना मोकळं होऊ दे. पोरं माझ्याशी खेळेनाशी झाली. भुताच्या तोंडाची, असं ती मला म्हणायची, आणि मी म्हणणाऱ्याला धरून त्याच्या तोंडावर फू करायची. पळायची मेली किंचाळत.

माय यात कुठंच नव्हती. लिंबू उतरवायला दुसऱ्या बाया, दर्ग्यात न्यायला दुसऱ्या बाया. ती कधी एका शब्दानं वासाबद्दल बोलली नाही. पण मी जवळ गेले की तोंड फिरवायची. वेणी घालायची ती मला पाठमोरी बसवून. ताट माझ्यापुढं सरकवायची आणि स्वतः चुलीकडं वळायची. झोपताना तिची पाठ माझ्याकडं. एकदा मी तिच्या अंगावरून पलीकडं गेले आणि तिच्या तोंडासमोर तोंड करून पडले, तर ती उठून बसली. थोड्या वेळानं दुसऱ्या कुशीवर आडवी झाली.

माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. एक, तिला माझा वास सहन होत नाही. दुसरी मी मनातल्या मनातसुद्धा नीट म्हणायची नाही. वाचायचा तो भाऊ आणि वाचले मी. शेडमध्ये कुणीतरी बोललं होतं, पोरगा राहिला असता तर बाईला आधार झाला असता. मला ते खरं नको होतं. मला वासच खरा पाहिजे होता, कारण वास घालवता येतो. वास जाईल आणि माय माझ्याकडं तोंड करून झोपेल, एवढं एक मी धरून बसले होते. पुढची सगळी वर्षं मी जे काही तोंडात घातलं, चावलं, घासलं आणि थुंकलं, ते त्याच्यासाठी.

चौथीनंतर मला अहमदपूरला मामाकडं शिकायला ठेवलं. मामा मोंढ्यात मालाचं वजन करायचा, दिवसभर धान्याच्या धुळीत असायचा. माझ्या वासाचं त्याला काही नव्हतं. मामीला होतं. "तोंड धुवून ये," हे मामीचं माझ्याशी पहिलं बोलणं आणि शेवटचंही. जेवायला बसायच्या आधी तोंड धुवून ये, पाहुणे आलेत तोंड धुवून ये, आत्ता धुतलं मामी, मग परत धुवून ये. बाई वाईट नव्हती. तिनं माझ्यासाठी जे जे सुचेल ते केलं. लिंबाची काडी दिली, बाभळीची दिली. मीठ आणि मोहरीचं तेल बोटावर घेऊन हिरड्या चोळायला लावल्या. पेरूचा पाला चावायला लावला. लवंग गालात धरायला लावली, ती धरून धरून गालाला आतून फोड आला. कशानं काही होईना तेव्हा तिनं स्वतःचा डबा पुढं केला, मिश्रीचा.

आमच्याकडच्या बायकांना मिश्री सांगायला नको. तंबाखू तव्यावर काळीभोर भाजायची, तिची पूड करायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांवर घासायची. घासायची कसली, घासत बसायची. दात घट्ट होतात म्हणे, तोंड साफ होतं म्हणे. मामी तोंडात बोट घालून अंगणात बसली की अर्धा तास हलायची नाही. पहिल्या दिवशी मला गरगरून आलं, मी मोरीत ओकले. मामी म्हणाली, "घाण निघून जायली, जाऊ दे." आठ दिवसांत गरगरायचं बंद झालं, महिन्यानं मिश्रीशिवाय करमेना. वास होता तिथंच राहिला, त्याच्यावर तंबाखूचा वास चढला, आणि माझे दात मुळाशी काळे पडले. डॉक्टरीणबाई आता मिश्रीवाल्या बायकांच्या गालात आतून पांढरे चट्टे दाखवतात आणि कळवळून सांगतात, बाई, सोडा हे. बाया हसतात. मी त्यांच्याशी भांडते. हसायला काय झालं? चट्ट्याचं पुढं काय होतं ते खुर्चीशेजारी उभं राहून मी बघितलंय.

दिवाळीला आणि उन्हाळ्यात मी एसटीनं गावी जायची. तोवर नवं गाव झालं होतं, सरळ रस्ते, सारखी घरं, सिमेंटचं छत. माय त्या छताखाली सामान ठेवायची आणि स्वतः अंगणात पत्र्याखाली राहायची. गावातली निम्मी माणसं तशीच राहायची. जाताना मी एसटीत बडीशेप खायची, फाट्यावर उतरले की हापशावर चूळ भरायची, पुन्हा बडीशेप खायची, आणि मग घरी जायची. "आलीस का," माय म्हणायची आणि तोंड फिरवून भाकरीचं पीठ घ्यायची. जगातल्या प्रत्येक बाईनं मला वासावर एक तरी औषध सांगितलं. शेजारणीनं सांगितलं, एसटीत बसलेल्या अनोळखी बाईनं सांगितलं. मायनं एकही नाही. मला वाटायचं, तिला एवढंही करावंसं वाटत नाही.

दहावीला बरे मार्क पडले. तेव्हा लातूरचं नाव असं झालं होतं की ज्याच्या पोराला जरा मार्क पडले तो त्याला उचलून लातूरला आणून टाकायचा. मामानंही मला आणलं. गल्लीगल्लीत ट्यूशन, घराघरात पोरींच्या खोल्या, दुपारी सायकलीवर डब्यांच्या माळा. मामाच्या ओळखीनं मला एका खालाकडं वरची खोली मिळाली. खालाचं घर जुन्या लातुरातलं, पिढीजात शिंप्याचं. खाली तिच्या नवऱ्याचं मशीन, वर आम्ही तिघी पोरी. आठवड्याभरात दोघींनी आपल्या गाद्या खिडकीकडं नेल्या. त्यांनी मला तोंडानं काही म्हटलं नाही, त्याचाच मला जास्त संताप आला.

ट्यूशनमध्ये बाकावर आम्हाला कोंबून बसवायचे. मांडीला मांडी लागायची, पंखा लांब कुठंतरी फिरायचा. माझ्या शेजारची पोरगी ओढणी नाकाला लावून लिहायची. मग दुसऱ्या दिवशी तिथं दुसरी यायची, मग तिसरी. शेवटी बाक भरलेला असायचा आणि माझ्या शेजारी मात्र दप्तरं. मी तोंड मिटून बसायला शिकले. पण उजवी नाकपुडी बंद, डाव्या नाकपुडीनं किती श्वास घेणार? थोड्या वेळानं तोंड उघडावंच लागायचं. क्लास सुटल्यावर सरांच्या टेबलापाशी डाउट विचारायला गर्दी व्हायची. मी एकदा गेले. वही पुढं केली, वाकून गणित दाखवायला लागले, आणि सरांनी खुर्ची मागं सरकवली. "लांबूनच सांग," ते म्हणाले. मागची पोरं फिसकन हसली. त्यांना रागावले नाहीत ते. नंतर मी कधी डाउट विचारला नाही. जे कळलं नाही ते कळलं नाही, आणि पुढचं त्याच्यावरच उभं, ते तर मग कळेचना. इंजेक्शन देणाऱ्या बाईपासून मोठ्या डॉक्टरपर्यंत काय काय व्हायचं मी मनात ठरवून आले होते, ते सगळं त्या टेबलापाशी राहिलं.

खाला कधी मागं सरकली नाही. डबा द्यायला यायची, समोर बसायची, बोलायची. एक दिवस मी मोरीपाशी उभी राहून मेडिकलमधून आणलेल्या गुलाबी औषधाच्या चुळा भरत होते. ते औषध फार झणझणीत, डोळ्यांत पाणी यायचं. तिनं बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

"कित्ता जलाती मुँह को? डाक्टर को दिखाई क्या कभी?"

मी म्हटलं, "नाही."

"कायकू नै?"

मेलेल्यांच्या वासाला डॉक्टर काय करणार, असं मला आतून वाटत होतं. तेव्हा मी बारावीचं जीवशास्त्र शिकत होते, जंतूंचे आख्खे धडे पाठ होते, आणि तरी मला तसंच वाटत होतं. मी खालाला ते सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. तिनं बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मरे सो लोगां किसी को कायकू सताते, बेटा? उठ, चप्पल डाल."

तिनं मला नेलं ते याच दवाखान्यात, जिथं मी आज काम करते. डॉक्टरीणबाई तेव्हा तरुण होत्या आणि तोंडाच्या फटकळ. दात बघून त्यांनी आधी मिश्रीवरून मला झाप झाप झापलं. मग दात साफ केले, कीड भरली, जीभ खरवडायला शिकवली, मिश्री बंद केली तर पंधरा दिवसांनी ये म्हणाल्या. मिश्री सोडताना मी भिंतीवर डोकं आपटायची बाकी ठेवली होती, पण सोडली. पंधरा दिवसांनी गेले. दात चकचकीत, हिरड्या लाल नाहीत, जीभ स्वच्छ. वास आहे तसाच.

"तोंड मीट," त्या म्हणाल्या, "आणि नाकानं जोरात श्वास सोड." त्यांनी तोंड माझ्या नाकाजवळ आणलं. मी सोडला. त्यांची मान मागं गेली, पण लगेच त्या पुन्हा जवळ आल्या. डावी नाकपुडी दाबून पुन्हा सोडायला लावला, सुटेचना. "अगं, हा तोंडाचा वास नाहीच," त्या म्हणाल्या. "हा नाकाचा आहे. तुझं तोंड बिचारं उगाच मार खातंय इतकी वर्षं."

नाकाच्या डॉक्टरकडं नांदेडला गेलो, कारण खालाची लेक तिथं दिलेली होती आणि नंतर पडायला घर पाहिजे होतं. डॉक्टर म्हातारे, चिडके. त्यांनी दिवा लावून आत बघितलं, फोटो काढला, पुन्हा बघितलं. "लहानपणी नाकात काय घातलं होतंस? मणी? चिंचोका?" मी म्हटलं, "काही नाही." "काही नाही कसं? आत दगड बसलाय!" मग खालानंच त्यांना सांगितलं, पोरगी किल्लारीकडची आहे. त्यांनी दिवा बंद केला. मग आवाज खाली आणून त्यांनी समजावून सांगितलं. श्वासाबरोबर आत एखादा खडा गेला असेल. नाकातलं पाणी त्याच्यावर वर्षानुवर्षं सुकत गेलं, पुटावर पुट चढलं, आणि मागं सगळं सडत राहिलं. काढता येतं. काढायला इतकी वर्षं कुणी आलं नाही, एवढंच.

भूल देऊन काढला. शुद्धीवर आले तेव्हा नाकात बोळे आणि अंगावर खालाची चादर. डॉक्टरांनी औषधाच्या छोट्या बाटलीत घालून तो मला दाखवला. करडा, खडबडीत, चिंचोक्याएवढा. एका बाजूनं फुटला होता आणि आत काळ्या दगडाची बारीक कपची दिसत होती. आमच्या भिंतीच्या दगडाची. एवढीशी कपची आणि तिनं माझी सगळी शाळा खाल्ली. मी ती बाटली मुठीत धरली आणि बोळ्यांमुळं धड रडताही येईना. खालानं माझ्या तोंडाजवळ तोंड आणून माझे डोळे पुसले.

वास गेला. असा गेला की बाकावरच्या पोरींना आठवडाभर कळलंच नाही, सवयीनं त्या लांबच बसायच्या. मग एक चुकून शेजारी बसली आणि बसूनच राहिली. मला ना तिचं कौतुक ना बाकाचं. मला गावी जायचं होतं.

मी गेले ती दुपारची वेळ. माय अंगणात पत्र्याखाली सूप घेऊन तूर निवडत होती. निवडलेले खडे सुपाच्या एका कडेला. मी पिशवी टाकली आणि तिच्यासमोर जाऊन बसले, गुडघ्याला गुडघा लावून.

"माय, वास गेला."

"कशाचा?"

"कशाचा म्हणजे? माझ्या तोंडाचा! नांदेडला नाकातून खडा काढला. मामानं सांगितलं न्हाई का?"

"नाकाचं काय तरी केलं म्हणला." ती तूर निवडतच राहिली.

"बघ की," मी म्हटलं. मी तिच्या तोंडापुढं तोंड नेलं आणि श्वास सोडला. तिनं मान फिरवली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी ओरडलेच. "आता काहून फिरवलीस? आता कुठं हाय वास?"

"मला कुठं वास येतो, बया," माय म्हणाली. "तुळई लागली तवापासून मला कशाचाच वास येत न्हाई."

मी तिच्याकडं बघतच राहिले. जळालेल्या भाकरी, करपलेलं दूध, नाकाला पदर न लावता फिरलेली माझी धीराची माय.

"कुणाला सांगितलं न्हाईस?"

"सांगून काय करू? तवा तर बरंच झालं. सारं गाव नाक दाबून होतं."

"मग तोंड काहून फिरवायचीस?" मी विचारलं. "वास येत नव्हता तर काहून?"

तिनं हात थांबवला. सुपाकडं बघत बोलली, माझ्याकडं नाही.

"तुमी दोघं एका वाकळंखाली होता. त्यो रडायला होता. तुझा आवाजच नव्हता. मला वाटलं तू गेलीस. मी त्याच्या आवाजावर उकरायले. हात लागला. त्याचाच म्हणून ओढला, सारा जीव लावून ओढला. तर तुझं तोंड वर आलं."

तिनं सुपातला एक खडा उचलून कडेला ठेवला.

"तोंड मातीनं गच्च भरलेलं. मी बोट घालून काढली माती. नाकातली काढायची राहिली. तेवढ्यात वरून ढासळलं अन् त्यो गप झाला. मग मी तुला तिथंच टाकलं अन् त्याच्याकडं उकरत बसले, उजाडेपर्यंत." तिनं पदरानं ओठ पुसले. "तुझं तोंड जवळ आलं की मला तेच होतं. तू वर येतीस अन् त्यो गप होतो. मी काय करू, सांग."

इतकी वर्षं मी जे खोटं ठरावं म्हणून जिवाचा आटापिटा केला तेच खरं होतं, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. मला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मी बाटलीतला खडा काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उलटासुलटा करून बघितला आणि सुपाच्या कडेला, निवडलेल्या खड्यांत ठेवला. तूर निवडून झाल्यावर उठून तिनं ते सगळे खडे कुंपणापलीकडं टाकले.

बारावीला व्हायचं तेच झालं, मार्क कुठल्याच यादीत बसण्यासारखे नव्हते. डॉक्टरीणबाईंनी मला कामावर घेतलं. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती मी सांगणार नाही. मायकडं जात राहिले. तिनं पाठ करून झोपायचं आणि मी तिच्या पाठीकडं तोंड करून, हे आमचं ठरल्यासारखं झालं. त्याच्याबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

शेवटच्या आजारात मी तिला लातूरला माझ्या खोलीवर आणलं. गिळणं बंद झालं होतं. तोंड सारखं उघडं राहायचं, ओठ फाटलेले, जिभेवर पांढरं जाड पुट, आणि वास. असा वास की भेटायला आलेली मामी दारातच उभी राहिली. तिच्या तोंडून नेहमीचं वाक्य निघालं नाही, एवढं नशीब. मी काय करायचं ते मला माहीत होतं. कोमट पाण्यात मीठ आणि चिमूटभर सोडा टाकायचा, बोटाला मऊ फडकं गुंडाळायचं, आधी ओठ भिजवायचे, मग गाल आतून, मग हिरड्या, शेवटी जीभ, मागून पुढं, हलक्या हातानं. दिवसातून कितीदा तरी करायची. त्यासाठी मला तिच्या तोंडावर वाकावं लागायचं. मी वाकले की माय डोळे मिटून घ्यायची. मान फिरवायची ताकद राहिली नव्हती.

एका दुपारी मी वाकून तिचे गाल पुसत होते तेव्हा तिनं डोळे उघडले. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि बघतच राहिली. मीच घाबरले, हात काढून घेतला. तिचे ओठ हलले, पहिल्यांदा नुसती हवा आली, मग शब्द आले.

"आलास व्हय रे बाळा?"

ती वाट बघत होती. नजर माझ्यावरून हलत नव्हती, उभ्या जन्मात तिनं माझ्याकडं एवढा वेळ बघितलं नव्हतं.

"हाव, माय," मी म्हटलं. "आलो."

तिनं तोंड उघडलं. मी राहिलेली जीभ पुसली. मग फडक्याचं दुसरं टोक ओलं करून तिच्या दोन्ही नाकपुड्या पुसून काढल्या.